हॅमर कोरलची फांदी पाच दिवस मिटून आहे, नेमकं कुठे चुकतंय?

अर्धवट_समुद्र

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगते. एकतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत सहाय्यक होते, त्यामुळे जे दिसेल ते वहीत उतरवायची खोड आहे. तीच वही समोर ठेवून लिहितेय.

खाऱ्या पाण्याची टाकी चौदा महिन्यांची. ९० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटर, खाली सम्प (पाणी साफ करायची जोडटाकी), स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), दोन वेव्हमेकर (पाणी हलवणारे पंप). आत क्लाउनफिशची जोडी, एक गोबी, पाठीवर पांढरा पट्टा असलेली एक क्लीनर कोळंबी, गोगलगायी आणि मऊ कोरलं. मशरूम चार-पाच, आणि झेनिया, जे तणासारखं माजलंय. एलपीएस, म्हणजे मोठ्या पॉलिपची, कडक सांगाड्याची कोरलं, मात्र एकही नव्हतं. धीरच होत नव्हता.

गेल्या शनिवारी मैत्रिणीने तिच्या मोठ्या हॅमरची (हे एलपीएसच) एक फांदी कापून प्लगवर, म्हणजे छोट्या चकतीवर, चिकटवून दिली. दोन हेड, म्हणजे दोन तोंडं, आहेत. हिरवट देठ, सोनेरी टोकं. तिच्या टाकीत ती फांदी मुठीएवढी फुललेली मी डोळ्यांनी पाहिली होती, म्हणजे माल चोख होता. पुढचं वहीतून:

शनिवार. पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवली. तापमान जुळलं. सवयीने पिशवीतलं पाणी रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षारता मोजायचं यंत्र) घातलं तर ३८ पीपीटी, म्हणजे हजार भागांत ३८ भाग क्षार! माझी टाकी ३५. मैत्रिणीला काही बोलले नाही, पण तिने जरा लक्ष द्यायला हवं. फरक बघून मग वाडग्यात काढून नळीला गाठ मारून दीड तास थेंबथेंब टाकीचं पाणी सोडलं. त्यानंतर आयोडीनचं डिप (कीड सुटायला औषधी पाण्यात बुडवणं), दहा मिनिटं. खडकाच्या मधल्या टप्प्यावर ठेवलं. संध्याकाळी अर्धवट उघडलं.

रविवार. सकाळी मिटलेलं. उजेड जास्त होत असेल म्हणून खाली वाळूजवळ आणलं. प्रवासाने भूक लागली असेल असं वाटून रात्री चिमट्याने एकेक मायसिस (बारीक कोळंबीसारखं खाद्य) दोन्ही तोंडांवर ठेवलं. लहान हेडने धरलं.

सोमवार. तंतू हलतच नव्हते. प्रवाह कमी पडतोय असं ठरवून डावीकडे, वेव्हमेकरच्या समोर.

मंगळवार. सगळे तंतू एकाच बाजूला आडवे पडलेले, केस विंचरल्यासारखे. उचलून उजवीकडे, थोडं वर.

बुधवार, म्हणजे आज. सकाळी प्लग उलटा पडलेला सापडला. गोगलगायीचं काम असणार. सरळ केला. दोन्ही हेड पूर्ण आत. मोठ्या हेडच्या कडेला मांस इतकं आत ओढलंय की सांगाड्याच्या पात्या दिसताहेत, मिटलेल्या वहीच्या पानांच्या कडा दिसाव्यात तशा उभ्या.

पाण्याचे आकडे: तापमान २५.५, क्षारता ३५ पीपीटी म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६, अल्कलिनिटी ८.२ डीकेएच, कॅल्शियम ४१०, मॅग्नेशियम १२७०, नायट्रेट ५, फॉस्फेट ०.०५. दिवा एलईडी, निळा ७० टक्के, पांढरा ३०. मैत्रिणीकडे टी५ नळ्या (बारीक ट्यूबलाइट) आहेत.

आता पुन्हा डिप देऊ का? की आणखी खाली, सावलीत नेऊ? नवरा म्हणतो, "मला ताप आला होता तेव्हा तू इतक्या वेळा बघायला आली नव्हतीस." मैत्रिणीला विचारायची लाज वाटतेय.

---

भरतीओहोटी

ताई, अशी वही सगळ्यांनी ठेवली तर इथले निम्मे प्रश्न लिहिता लिहिताच सुटतील. तुमचाही बराचसा सुटलाय, बघा: पाच दिवसांत चार जागा आणि एक कोलांटी. त्यात कापल्याची जखम, डिप आणि दुसऱ्या दिवशी जेवण. मिटेल नाही तर काय करेल?

आधी डिपचं. पुन्हा देऊ नका. मिटलेल्या कोरलला डिप म्हणजे दमलेल्याला पळवणं. कीड दिसली तरच.

आता उजेड, कारण खरी मेख तिथे असते. हॅमरच्या मांसात झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवालं राहतात आणि त्याचं पोट मुख्यतः त्यांच्या कमाईवर चालतं. उजेड बदलला की शैवालांची संख्या आणि त्यांच्यातली रंगद्रव्यं नव्या उजेडाला बेतून घ्यावी लागतात. हे काम एका रात्रीत होत नाही, दोन-तीन आठवडे जातात. मधेच जागा बदलली की पहिल्यापासून सुरुवात. तुम्ही चार वेळा सुरुवात करायला लावलीत. कमी उजेडातून अचानक जास्तीत गेलं तर शैवालाला तो झेपत नाही, पेशींमध्ये ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात आणि कोरल आपल्याच शैवालाला बाहेर टाकतं. ब्लीच होणं म्हणतो ते हेच. उलट कमी उजेड मिळाला तर फार तर तपकिरी पडेल. पांढऱ्यापेक्षा तपकिरी कधीही परवडलं.

टी५वरून एलईडीवर येताना डोळ्यावर विश्वास ठेवू नका. आपल्या डोळ्याला हिरवा-पिवळा उजेड ठळक दिसतो, निळा मंद वाटतो. शैवाल मात्र निळाच जास्त खातं. त्यामुळे जी जागा तुम्हाला अंधारी वाटते ती कोरलला भर दुपारची असू शकते. हॅमरला ८० ते १५० पार (शैवालाला उपयोगी उजेडाचं माप) पुष्कळ. कोणाकडून पारमीटर मिळाला तर उत्तमच. नसेल तर फ्रॅग (कापलेला तुकडा) हलवण्याऐवजी दिवा उतरवा: निळा ४५, पांढरा १०, आणि दर आठवड्याला पाच-पाच टक्के वर. बऱ्याच दिव्यांत हे आपोआप करायची सोय असते.

प्रवाहाची खूण साधी आहे. तंतू डोलले पाहिजेत, फडफडता कामा नयेत. एकाच दिशेने सतत मारा होत असेल तर मांस सांगाड्याच्या धारेवर घासून फाटतं. वेव्हमेकरचा झोत समोरच्या काचेवर आपटवा, परत येणारं पाणी त्याच्यापर्यंत पोचू द्या.

आता शेवटचं एकदा हलवा. वाळूजवळ, मशरूमपासून हातभर लांब, एका चपट्या दगडावर सायनोॲक्रिलेट जेलचा ठिपका देऊन प्लग चिकटवा. प्लगचा तळ फडक्याने टिपून जेल लावा आणि पाण्यात नेऊन दाबून धरा, ते पाण्यातच घट्ट होतं. मग दोन आठवडे हात पाण्याबाहेर.

काळजी कधी करायची? मांस सांगाड्यापासून सुटून लोंबायला लागलं, किंवा तपकिरी शेंबडासारखा लगदा दिसला, तर. तो लगदा एका हेडवरून दुसऱ्यावर झपाट्याने पसरतो. दिसला की पंप बंद करून नळीने ओढून घ्यायचा आणि आजारी हेड कापून वेगळं करायचं. नुसतं मिटलेलं असणं हा आजार नव्हे.

आणि एक खटकलं. तुमची मैत्रीण इतकं मोठं हॅमर वाढवते आणि तिचं पाणी ३८? तुमच्या रिफ्रॅक्टोमीटरचा शून्य शेवटचा कधी लावलात, आणि कशाने?

---

निळा_दिवा

दीड तास थेंबथेंब कशासाठी? राग मानू नका, पण ही पद्धत डोळे झाकून सगळीकडे वापरली जाते. वाडगाभर पाणी दीड तासात खोलीच्या तापमानाला जातं, म्हणजे वीस मिनिटं पिशवी तरंगवून जे कमावलं ते गेलं. लांबून आलेल्या माशांच्या बाबतीत तर ती उलटतेसुद्धा. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच खाली येतो, त्यामुळे माशाने सोडलेला अमोनिया बराचसा निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात राहतो. पिशवी उघडली, हवा लागली, पीएच चढला की तोच विषारी व्हायला लागतो, आणि आपण माशाला त्याच पाण्यात थेंब मोजत बसवतो.

कोरलचा एक तुकडा, तासाभराचा प्रवास, यात अमोनियाचा प्रश्नच नाही. मी तापमान जुळवतो, क्षारता बघतो, दोनएक पीपीटीच्या आत असेल तर डिप करून सरळ टाकीत. पाण्याशी त्याचं लवकर जमतं. उजेडाशी जमायला वेळ लागतो, आणि लोक नेमकं उलटं करतात: पाण्याला दीड तास, उजेडाला दीड मिनिट.

बाकी भरतीओहोटींशी सहमत. फक्त ३८ आणि ३५ हा फरक खरा असेल तर ताईंनी थेंब सोडले ते बरोबरच केलं, एवढं मान्य करतो.

---

अर्धवट_समुद्र

भरतीओहोटी, तुमचा शेवटचा प्रश्न वाचला आणि अंगावर काटा आला. शून्य लावला होता आरओच्या पाण्याने, आठ महिन्यांपूर्वी. वहीत तारीख आहे. त्यानंतर एकदाही नाही. मुलांनी काट्याचा शून्य न बघता वजन केलं तर त्यांना परत करायला लावणारी मी.

जेवण झाल्यावर तराजू काढला. साधं, आयोडीन नसलेलं मीठ ३६.५ ग्रॅम, शुद्ध पाणी ९६३.५ ग्रॅम. या द्रावणात प्रकाश जितका वाकतो तितकाच ३५ पीपीटीच्या समुद्राच्या पाण्यात वाकतो, हे जुन्या टिपणात लिहून ठेवलेलं होतं. म्हणजे ज्या यंत्राने समुद्राचं पाणी मोजायचं त्यात हे घातलं की ३५ दिसलं पाहिजे. विरघळलं, खोलीच्या तापमानाला आलं, दोन थेंब काचेवर, झाकण, खिडकीकडे तोंड.

३८.

परत पुसलं, परत घातलं. ३८. नवऱ्याला बघायला सांगितलं, त्यालाही ३८.

मग आरओचं पाणी घालून पाहिलं. शून्याच्या जागी दीड. म्हणजे निम्मी चूक आठ महिन्यांत सरकलेल्या शून्याची. उरलेली दीडची कुठली, ते काही केल्या कळेना.

थोडक्यात, मैत्रिणीचं पाणी बरोब्बर ३५ होतं आणि माझी टाकी ३२वर आहे. मी तिच्या नीटनेटक्या कोरलला थेंबथेंब करून माझ्या पातळ पाण्यात उतरवलं आणि वर वहीत तिच्याबद्दल शेरा मारला. तो शेरा आत्ताच खोडला. मासे आणि मशरूम इतके महिने गुमान राहिले म्हणून मला पत्ताच लागला नाही.

दुसरी गंमत त्याच रात्री कळली. झोप येईना म्हणून साडेअकराला टाकीपाशी गेले. बॅटरीला लाल कागद गुंडाळून बघितलं. क्लीनर कोळंबी हॅमरच्या मोठ्या हेडवर ऐसपैस बसलेली. पुढच्या चिमट्यांनी तोंडाच्या भेगेत खुपसून काहीतरी ओढत होती, अगदी शांतपणे, पिशवीतून सुटे पैसे शोधावेत तशी. दर ओढीला मांस आणखी आत जायचं. मी काचेवर टकटक केलं तर मिशा हलवून पुन्हा कामाला लागली. रविवारच्या मायसिसची चव तिला कळलीय. म्हणजे तिला हा रस्ता मीच दाखवला.

प्लग चिकटवलाय. दिवा उतरवलाय. आता ३२चं ३५ एकदम करू का हळूहळू? आणि या कोळंबीचं काय करू?

---

भरतीओहोटी

उरलेल्या दीडचा हिशेब सांगतो. स्वस्तातल्या बऱ्याच रिफ्रॅक्टोमीटरची पट्टी समुद्राच्या पाण्यासाठी नसतेच, नुसत्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेली असते. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट असं बरंच असतं, त्यामुळे ३५च्या आसपास ती पट्टी साधारण दीडने पुढे बोलते. शून्य अगदी नवा लावलेला असता तरी तुमच्या मिठाच्या पाण्याने ३६.५ दाखवलं असतं. म्हणूनच आरओच्या पाण्याने शून्य लावून भागत नाही. ३५चं द्रावण घालून पट्टीवर ३५ येईपर्यंत स्क्रू फिरवायचा, की दोन्ही चुका एकदम कटतात. तुम्ही ते द्रावण घरीच केलंत, आम्ही आळशी लोक तयार बाटली आणतो.

आता ३२चं ३५. हळूहळूच. एवीतेवी रोज पाणी उडतंच. तुमच्या मापाच्या टाकीत सम्प धरून खरं पाणी दीडशे लिटरच्या आसपास असेल, रोज दोनेक लिटर उडत असेल. ऑटो टॉप-ऑफ (उडालेल्या पाण्याच्या जागी आपोआप गोडं पाणी भरणारं यंत्र) बंद करा आणि उडालेल्या गोड्या पाण्याच्या जागी ३५चं खारं पाणी घाला. दोन लिटरमध्ये सत्तर ग्रॅम क्षार, दीडशे लिटरला दिवसाकाठी साधारण अर्धा पीपीटी. सहा-सात दिवसांत जागेवर याल, कोणालाही कळणार नाही. रोज मोजा. ३५ झालं की टॉप-ऑफ पुन्हा चालू करायला विसरू नका, मी एकदा विसरलो होतो.

एक लक्षात घ्या, पाणी दाट झालं की तुमचे कॅल्शियम-मॅग्नेशियमही त्या प्रमाणात चढतील. तोवर वेगळं काही घालू नका, नाहीतर आकड्यांचा पाठलाग सुरू होतो.

कोळंबीला दोष देऊ नका, ती पोटाला जागली. दोन आठवडे हॅमरला खाऊ घालणं बंद. शैवालाच्या कमाईवर ते मजेत राहतं. नंतर द्यायचंच असेल तर आधी कोळंबीला दुसऱ्या टोकाला मोठा घास द्या, आणि हॅमरवर पाण्याच्या प्लास्टिक बाटलीचा वरचा अर्धा भाग टोपीसारखा ठेवा. बाटलीच्या तोंडातून पिपेटने चारा सोडायचा, पंप बंद, वीस मिनिटांनी टोपी काढायची. गिळेपर्यंत पहारा.

---

बुडबुडा

ताईंच्या प्रश्नाचं उत्तर मिळालंय, पण एक गोष्ट सुटली म्हणून लिहितो. प्लग.

तीन वर्षांपूर्वी मी झोॲन्थिड या मऊ कोरलचा एक सुरेख फ्रॅग आणला. डिप केलं, बादलीत दोन-चार बारके किडे पडले, मी खूश. प्लगसकट टाकीत. प्लगच्या खालच्या खाचेत एक ऐप्टेशिया (तणासारखं पसरणारं समुद्रफूल) होता, तांदळाच्या दाण्याएवढा आणि जवळपास पारदर्शक. दोन महिन्यांत मागचा अख्खा खडक ऐप्टेशियाने भरला. एकेकाला सुईने मारत बसलो की तुटलेल्या तुकड्यांतून आणखी उगवायचे. शेवटी तो खडकच बाहेर काढला. त्यावर माझं सगळ्यात जुनं मशरूम होतं.

तेव्हापासून आलेला प्लग टाकीत जात नाही. शक्य असेल तिथे फांदी प्लगवरून कापून किंवा उपटून नव्या, कोरड्या प्लगवर. कारण डिपने चालती-फिरती कीड सुटते, अंडी सुटत नाहीत. अंडी बहुतेक वेळा प्लगवर किंवा सांगाड्याच्या मेलेल्या, मांस नसलेल्या भागावर असतात. बारीक ठिपक्यांचे गोल पट्टे दिसले तर ब्लेडने खरवडायचे आणि पाच-सात दिवसांनी परत डिप. ॲक्रोपोरा कोरल पाळणाऱ्यांना चपट्या किड्यांचा हा छळ चांगला ठाऊक आहे. डिपचं पाणी परत टाकीत ओतू नका, हेही सांगायला लागतं, मी पाहिलंय ओतताना.

ज्याच्याकडे जागा आहे त्याने वेगळी छोटी टाकी ठेवावी, मासे नसलेली. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांचा जो परजीवी आहे, क्रिप्टोकॅरिऑन, त्याच्या गाठी प्लगसारख्या कडक पृष्ठभागाला चिकटून येतात. कोरलला त्यांचं काही होत नाही, तुमच्या क्लाउनफिशला होतं. मासे नसलेल्या टाकीत ७६ दिवस ठेवायचा प्रघात आहे. मला एवढा धीर कधी झाला नाही, पण करणारे करतात आणि त्यांचे मासे जगतात.

जाता जाता: झोॲन्थिड हाताळणार असाल तर हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. त्यांच्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं. आणि ते लागलेला खडक साफ करायला कधीही उकळू नका, त्या वाफेने घरंच्या घरं दवाखान्यात गेलेली आहेत.

---

निळा_दिवा

पुढची खरेदी करायच्या आधी एक. हॅमर आवडलं की माणूस टॉर्च नावाचं कोरल आणतोच. सगळ्यांना युफिलिया या एकाच गटाच्या नावाने म्हणायची सवय असल्यामुळे लोक त्यांना शेजारी शेजारी लावतात. हॅमर आणि फ्रॉगस्पॉन (तसंच आणखी एक कोरल) एकमेकांना बहुतेक वेळा चालतात, टॉर्च मात्र दोघांनाही चटके देतो. वर्गीकरणवाल्यांनीही २०१७ मध्ये हॅमर आणि फ्रॉगस्पॉन वेगळे काढून फिम्ब्रियाफिलिया या गटात टाकले, टॉर्च युफिलियातच राहिला. टाकीतल्या भांडणावरून आपल्याला ते आधीच कळायला हवं होतं. टॉर्च आणलात तर वीतभर अंतर ठेवा. रात्री त्यांचे लढाऊ तंतू दिवसापेक्षा खूप लांब जातात.

आणि तुमची फांदी फांद्यांच्या जातीची आहे हे नशीब. भिंतीसारख्या सलग हॅमरला एका टोकाला काही झालं की ते सरकत सरकत सगळीकडे जातं. तुमच्याकडे दोन हेडच्या मध्ये मेलेला सांगाडा आहे, एकाला काही झालं तरी दुसऱ्याला वाचायची संधी असते.

---

अर्धवट_समुद्र

आज एकविसावा दिवस. सांगितल्याप्रमाणे हात घातला नाही. खोटं कशाला बोलू, एकदा घातला, काच पुसायला, पण हॅमरच्या बाजूला नाही.

क्षारता आठव्या दिवशी ३५ झाली. रोजच्या आकड्यांचा आलेख काढलाय, एके दिवशी सोडला तर सरळ रेघ आहे. त्या दिवशी झाकण बंद राहिलं होतं, पाणी उडालंच नाही. कॅल्शियम ४४५, मॅग्नेशियम १३८० झालं, मी काही न घालता.

सहाव्या दिवसापर्यंत काहीच फरक नव्हता आणि मी दिवसातून तीनदा बॅटरी घेऊन जात होते. सातव्या दिवशी सकाळी दिवे लागायच्या आधी, खिडकीच्या उजेडात, लहान हेडच्या कडेने पाच-सहा टोकं बाहेर आलेली दिसली, टाचणीच्या डोक्याएवढी. दिवे लागल्यावर परत आत. नवव्या दिवशी दिव्यातही टिकली. आता लहान हेड दुपारी पूर्ण फुलतं. मी काचेवर मार्करने त्याच्या पसाऱ्याची रेघ मारत होते, ती कालपरवा ओलांडली. रंग मैत्रिणीकडे होता त्यापेक्षा तपकिरीकडे झुकलाय, देठाचा हिरवा मंद झालाय. भरतीओहोटी म्हणाले होते तसंच, म्हणून घाबरले नाही. निळा आता ५५वर आहे, तिथेच थांबवायचा विचार आहे.

मोठं हेड मात्र निम्मंच उघडतं. ज्या कडेला मांस आत गेलं होतं तिथे नखाएवढा सांगाडा उघडाच राहिलाय आणि त्यावर हिरवं शेवाळ धरलंय. मांसाची कड आता गोल, फुगीर दिसते, फाटल्यासारखी नाही. आणखी मागे सरकलेली नाही, ते रेघ मारून बघितलंय.

मायसिस काल पहिल्यांदा दिलं, बाटलीच्या टोपीखाली. कोळंबी टोपीवर चढून बाटलीच्या तोंडातून आत उतरायला बघत होती. मला तिथे बोट ठेवून बसावं लागलं, अठरा मिनिटं. लहान हेडने दोन गिळले, मोठ्याने एक धरला आणि सोडून दिला. मोठ्याला इतक्यात देऊ नये का?

मैत्रिणीला फोन करून सगळं सांगितलं, वहीतल्या शेऱ्यासकट. ती हसली. मग म्हणाली, तिच्याही रिफ्रॅक्टोमीटरचा शून्य तिने दोन वर्षांत लावलेला नाही, तेव्हा येताना ते मिठाचं पाणी घेऊन ये.